छपराखाली लागलेलं ऊन

मला आयुष्यात एकदाच झटके आले. त्याआधी कधी आले नव्हते आणि नंतरही कधी आले नाहीत. पण त्या एका दुपारच्या जोरावर हॉस्पिटलच्या कागदावर ‘फिटचा आजार’ असं लिहिलं गेलं आणि तेवीस दिवस ते तसंच राहिलं. ते खोडून घ्यायला मला जेवढं झगडावं लागलं, तेवढं बरं व्हायलासुद्धा लागलं नाही.

उन्हात राबणारा माणूस रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतो. छपराखाली राबणारा दिसत नाही. बेकरीत, लॉन्ड्रीत, कारखान्यात, कुठेही बंद जागेत ज्यांच्या अंगाची लाही होते, त्यांना कुणीतरी सांगायला हवं की सावलीतही ऊन लागतं आणि चांगलंच लागतं. मी डॉक्टर नाही, सातवी पास आहे. मला जे झालं तेवढंच सांगते. पटलं तर घ्या.

प्लास्टिक

नवऱ्याची गिरणी बंद पडून तीन वर्षं झाली होती. आमचे हे तेव्हा कांदिवलीला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. मी बोरिवलीला, गोराई खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका नर्सरीत लागले. अंधेरी-जुहूची हॉटेलं, बँका, बंगले यांना शोभेची झाडं पुरवणारी नर्सरी. आम्ही सात बायका कामाला. आमच्यावर मुकादम आणि त्याच्यावर शेठ. शेठ आठवड्यातून एकदा गाडीतून यायचे, रुमालाने कपाळ पुसायचे आणि जायचे.

नर्सरीच्या मागच्या अंगाला लोखंडी पाइपांवर पांढरं प्लास्टिक ताणून एक लांबलचक घर केलं होतं. शेठ त्याला ग्रीनहाउस म्हणायचे, आम्ही नुसतं ‘प्लास्टिक’ म्हणायचो. आत क्रोटनची आणि कसल्याकसल्या परदेशी झाडांची कलमं. नव्या कलमाला मुळं फुटेपर्यंत आतली वाफ बाहेर जाऊ द्यायची नसते. म्हणून सकाळी अकरा ते दुपारी तीन दार बंद. दार बंद असलं तरी काम बंद नसायचं, त्यामुळे आम्ही आत.

माती-खताची घमेली डोक्यावरून पार शेवटच्या टोकाला न्यायची, कुंड्या भरायच्या, भरलेल्या उचलून ओळीने लावायच्या. बारा इंची कुंडी ओल्या मातीने भरली की कडेवरच्या पोराएवढी जड होते. दिवसाला किती भरायच्या ते ठरलेलं असायचं. औषध मारलेल्या पानांनी हात सोलून निघायचे, म्हणून साडीवर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला घट्ट फडकं. वर पाणी प्यायचं नाही. तशी मनाई कुणी केली नव्हती, आम्हीच पीत नव्हतो. तिथे बायकांना जायला जागाच नव्हती. सकाळी घरून जाऊन आलो की परत संध्याकाळी घरीच. दुपारी दोन घोट जास्त प्यालं की पंचाईत. नवी बाई कामाला लागली की पहिल्याच दिवशी आम्ही तिला ही अक्कल शिकवायचो आणि स्वतःला शहाण्या समजायचो.

झाडांची व्यवस्था मात्र चोख होती. मधल्या खांबाला एक थर्मामीटर टांगलेला होता, शेठनी खास मागवलेला. पारा फार चढला की मुकादम ओरडायचा आणि आम्ही पाइपाने बारीक फवारा सोडायचो. झाडांवर.

ती दुपार

ऑक्टोबर होता. दिवाळीच्या ऑर्डरी आल्या होत्या, त्यामुळे रोजच्यापेक्षा कुंड्या जास्त. दोन दिवस मला बरं वाटत नव्हतं. मान आणि पाठ घामोळ्याने भरली होती, पोटऱ्यांत गोळे यायचे, डोकं ठणकायचं. पण ठणकायचं सगळ्यांचंच. आजारी म्हणून घरी बसावं असं त्यात काही वाटलं नाही.

त्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला माझा घाम यायचा थांबला. शर्ट कोरडा लागायला लागला. मला वाटलं, चला, शरीराला सवय झाली एकदाची. इतकी मी अडाणी. शेजारी रेजिना काम करत होती. रेजिना गोराई गावची, रोज तरीने खाडी ओलांडून यायची, माझी तिथली जिवाभावाची मैत्रीण. तिला मी म्हणे रागाने सांगत होते की माझ्या कुंड्या कुणीतरी उलट्या करून ठेवल्यात. मला यातलं काही आठवत नाही. वरचं पांढरं प्लास्टिक एकदम खाली आल्यासारखं वाटलं, तेवढंच आठवतं.

पुढचं रेजिनाने सांगितलेलं. मी पडले, हातपाय झाडायला लागले, तोंडाला फेस आला. सगळ्या धावल्या. एकीने जेवणाच्या डब्यातला कांदा फोडून नाकाला लावला. दुसरीने चप्पल हुंगवली. तिसरीने घराच्या किल्ल्या माझ्या मुठीत कोंबल्या. फिट आलेल्या माणसाला आपल्याकडे जे जे करतात ते त्यांनी जीव लावून केलं. पाण्याचा पाइप माझ्या पायाशी वाहत होता, पण थेंबभर पाणी कुणी माझ्यावर टाकलं नाही. फिटवाल्याला पाण्यापासून लांब ठेवायचं असतं ना! एक बाई पाइप उचलत होती, तर रेजिनानेच तिचा हात धरला.

मला याचा राग नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. रेजिनाने मला उचलून रिक्षात घातलं, माझं डोकं मांडीवर धरून पालिकेच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे डॉक्टरांनी काय झालं म्हणून विचारल्यावर तिने जे पाहिलं होतं ते सांगितलं. फिट आली.

तीन प्रश्न

दोन दिवस मी शुद्धीत नव्हतेच म्हणा. ताप एकशे सहा होता. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासलं, मलेरियासाठी रक्त पाहिलं. दोन्हीत काही निघालं नाही. लघवीला नळी लावली होती, त्या पिशवीत कोऱ्या चहासारखं काळपट काहीतरी साचायचं आणि ते बघून सासूबाई तोंडाला पदर लावायच्या.

तिसऱ्या दिवशी डोकं ठिकाणावर आलं. ताप उतरला होता. सकाळी मोठे डॉक्टर राउंडला आले. मागे एक तरुण डॉक्टरीणबाई आणि शिकणारी पाच-सहा मुलं. आदल्या दिवशी मुकादम येऊन गेला होता आणि सांगून गेला होता की सावलीतलं काम आहे, झाडांना पाणी घालायचं, बाकी काही नाही.

मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, “बाई, तुम्ही उन्हात काम करता का?”

मी म्हटलं, “नाही.”

“डोक्यावर छप्पर आहे?”

“आहे.”

“तिथे पाण्याची सोय?”

“भरपूर आहे. दिवसभर पाणी चालूच असतं.”

ते मागच्या मुलांशी इंग्रजीत बोलले आणि कागदावर लिहिलं. मग मला नीट समजावून सांगितलं. माणूस वाईट नव्हता. फिटचा आजार वाटतो, तीन वर्षं गोळ्या घ्यायच्या, एक दिवस चुकवायची नाही. आगीजवळ जायचं नाही, पाण्याजवळ जायचं नाही, उंचावर चढायचं नाही.

तीन प्रश्नांची मी तीन खरी उत्तरं दिली आणि माझाच गळा कापून घेतला. ते गेल्यावर मी मनाशी हिशोब मांडला. पाण्यापासून लांब म्हणजे नर्सरी गेली. आगीपासून लांब म्हणजे स्वैपाकघर गेलं. मग मी उरले किती? मरणाची भीती मला बेशुद्धीत वाटलीच नव्हती. आता वाटायला लागली, आणि शुद्धीवरच्या माणसाला भीती जास्त चावते.

वॉर्ड

वॉर्डाचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. आयाबाई बादल्या आपटत यायची, तिच्यामागे थर्मामीटर घेऊन सिस्टर, मग चहा. चहा म्हणजे कोमट पाणी, पण पेला हातात आला की माणसांत आल्यासारखं वाटायचं. दहाला राउंड. बाराला डाळ-भात. चार ते सहा भेटायला येणारे. दोन कॉटांच्या मधे जमिनीवरही पेशंट असायचे, त्यामुळे चालायला जागा नाही आणि एकटं वाटायचीही सोय नाही.

एक सिस्टर होत्या, सगळ्यांवर खेकसायच्या. मला ताप होता त्या दोन दिवसांत त्या म्हणे चादर नळाखाली भिजवून माझ्यावर टाकायच्या आणि पंखा माझ्याकडे वळवायच्या. शेजारची पेशंट कुरकुरली तर तिच्यावरही खेकसायच्या. आज मी आहे ती बरीचशी त्या ओल्या चादरीमुळे आहे. नीट आभार मानायला गेले तर म्हणाल्या, “जा, कॉटवर पड, डोकं खाऊ नको.”

मी पण त्यांचं डोकं कमी खाल्लं नाही. गोळ्या द्यायला आल्या की मी हुज्जत घालायची. मला फिटबिट काही नाही, आमच्या घराण्यात कुणाला नाही, मी काय तसली आहे का. दिवसातून तीनदा हेच, चांगल्या मोठ्या आवाजात.

पलीकडच्या कॉटवर कुंदा होती. दहिसरची, वीस-एकवीस वर्षांची, पापड लाटायला जायची. तिला लहानपणापासून फिट यायची. या वेळी चुलीवर पडली होती, डावा हात भाजला होता. माझं असं एकदा चाललं असताना ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, “तसली म्हणजे कसली, मावशी?”

ती मला रोज तिच्या घरची चटणी द्यायची, तिच्या चांगल्या हाताने माझी वेणी घालायची, आणि मी तिच्या उशाशी बसून तिच्या आजाराला शिवीसारखं वापरत होते. त्या रात्री मला माझीच लाज वाटली. सकाळी मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “राहू दे गं मावशी, तू निदान विचार तरी केलास.”

त्यानंतर मी ‘तसली’ म्हणायचं सोडलं. भांडण नाही सोडलं. फक्त भांडण कशाचं ते मला कळलं. कुंदाचा आजार कुंदाचा होता, खरा होता. मला जे झालं ते कुठल्यातरी जागेने केलं होतं आणि कागद म्हणत होता की ते माझ्या मेंदूतून आलं. असं म्हटलं की जागा सुटली, मुकादम सुटला, शेठ सुटले, आणि राहिलेल्या सहा बायका आतच राहिल्या.

कावीळ

नवव्या दिवशी घरी सोडलं. घरी पोचले तर चाळीत सगळ्या विचारताहेत, कावीळ उतरली का? मला काही समजेना. मग कळलं, आमच्या यांनी सगळ्यांना कावीळ झाली म्हणून सांगितलं होतं. शेजारणी मोठ्या मायेने उसाचा रस आणून द्यायच्या. घरात फोडणी बंद, कारण कावीळवालीच्या घरातून तळणाचा वास आला तर लोक काय म्हणतील? मला नसलेल्या दोन आजारांपैकी एकाच्या गोळ्या आणि दुसऱ्याचं पथ्य असं आमचं चाललं होतं.

सासूबाई मालवणकडच्या, मनात येईल ते बोलणाऱ्या. मला म्हणाल्या, “फिट म्हटलंस तर चेडवाचा लगीन जमूचा नाय. कावीळ बरी.” चेडू म्हणजे आमची शोभा, तेव्हा अकरावीत होती. लग्नाचा पत्ता नव्हता, पण म्हातारीला आतापासून मांडव दिसत होता.

त्या गोळ्यांनी दिवसभर झापड यायची. जीभ जड व्हायची. आठवडाभराने मी तशीच नर्सरीत गेले. मुकादमाने हॉस्पिटलचं कार्ड मागून घेतलं, त्याला इंग्रजी येत नव्हतं पण डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्याला आधीच माहीत होतं. तो म्हणाला की काम पाण्याचं आहे, उद्या टाकीत पडलीस तर जबाबदार कोण. तुझा जुना आजार आहे, तू लपवलास. शेठना त्याने तसंच सांगितलं होतं आणि मला त्याने फाटकातूनच परत लावलं.

मी घरी येऊन यांना सांगितलं की मी डॉक्टरांकडे परत जाणार आणि तो शब्द बदलून घेणार. हे जेवत होते. ताट सरकवलं.

“काय बदलणार तू? तू डॉक्टर आहेस?” हे म्हणाले. “झालं ते झालं. आता घरी बस. मी आहे ना कमवायला? उगाच चार लोकांत बोभाटा करू नको.”

यांचा जीव माझ्यात होता, हे मला ठाऊक आहे. दोन दिवस हॉस्पिटलच्या व्हरांड्यात हे उपाशी बसले होते. पण घाबरलेला माणूस गप्प बसायला सांगतो आणि त्याला काळजी म्हणतो. मी म्हटलं, “अहो, मला खरंच फिटचा आजार असता ना, तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं, आहे म्हणून. त्यात लाज कसली? पण नाही, तर मी का म्हणून घेऊ? त्यांची भट्टी आणि माझा आजार?”

चार दिवस आमचं बोलणं नव्हतं. मीठ हवं असलं तरी शोभाला सांगायचं, आईला सांग मीठ दे.

रेजिना येते

हा अबोला चालू असताना एका संध्याकाळी रेजिना घरी आली. डोळे सुजलेले. बसली आणि मुसमुसायला लागली. मी पाणी दिलं, तर पेल्याकडे बघून आणखीनच रडली.

त्या दुपारी शांता पडली होती. शांता आमच्यातली सगळ्यात धाकटी. तसंच, माझ्यासारखंच. आधी पोटऱ्यांत गोळे, मग असंबद्ध बोलणं, मग अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं. बायकांनी कांदा शोधायला सुरुवात केली. रेजिनाला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने पाइप उचलला आणि शांताला डोक्यापासून पायापर्यंत भिजवली, दार लाथेने उघडलं आणि फरफटत बाहेर झाडाखाली आणली. वर पाणी सोडतच राहिली. पंधरा मिनिटांनी शांताने डोळे उघडले आणि विचारलं, मला भिजवली कुणी?

रेजिना म्हणाली, “सुनंदा, तुला फिटबिट काय नव्हती गं. तुला पाणी पाहिजे होतं. पाइप तिथेच होता आणि मी हात धरला तिचा. मीच डॉक्टरला सांगितलं फिट.”

मी तिला रडू दिलं. मग म्हटलं, रडून झालं असेल तर आता माझं एक काम कर.

डॉक्टरांना नुसतं ‘खूप गरम असतं’ म्हणून चालणार नव्हतं. गरम तर सगळ्या मुंबईला होत होतं. पण आमच्या त्या झाडांच्या थर्मामीटरची एक गंमत होती. त्याची नळी खाली वाकवून दोन्ही टोकं वर नेलेली, इंग्रजी ‘यू’सारखी, आणि आत पाऱ्यावर दोन बारीक लोखंडी काटे. पारा चढला की काटा वर ढकलतो. पारा उतरला तरी काटा उतरत नाही, दिवसात सगळ्यात जास्त जिथे पोचला तिथेच चिकटून राहतो. रोज सकाळी मुकादम लोहचुंबक लावून तो खाली आणायचा. म्हणजे तो थर्मामीटर खांबावरून उतरवून कुठेही नेला, तरी तो दुपार विसरत नव्हता. फक्त आडवा करायचा नाही, हिसका द्यायचा नाही.

हे रेजिनाला सांगायची गरज पडली नाही. मी थर्मामीटर म्हटल्याबरोबर ती म्हणाली, “काटा.” आणि डोळे पुसले.

गुरुवार

बुधवारी दुपारी तीनला दार उघडल्यावर रेजिनाने थर्मामीटर खांबावरून काढला, पदराखाली धरला आणि निघाली. चोरीच होती ती, उगाच दुसरं नाव कशाला देऊ. तरीत बसली नाही, उभी राहिली. घरी देव्हाऱ्यातल्या क्रुसाशेजारी खिळ्याला टांगला. गुरुवारी सकाळी परत तरीत उभी, बसमध्ये उभी, एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने छातीशी उभा धरलेला थर्मामीटर. बसमध्ये कुणीतरी विचारलं, बाई, काय आहे ते? ती म्हणाली, पुरावा.

ओपीडीच्या रांगेत अडीच तास गेले. मोठे डॉक्टर आणि तीच डॉक्टरीणबाई. मला बघून विचारलं, गोळ्या नीट घेता ना? मी म्हटलं, घेते. पण त्या आधी तुम्ही हे बघा.

त्यांनी थर्मामीटर हातात घेतला. मी ओरडलेच की आडवा करू नका. डॉक्टरांवर ओरडायची माझी ती पहिली वेळ. त्यांनी उभा धरला. खालचा पारा ओपीडीतला होता, बत्तीसच्या आसपास. वरचा काटा सत्तेचाळीसवर.

त्यांनी विचारलं, “हे कुठलं?”

मी सगळं सांगितलं. छप्पर कशाचं, दार किती वाजता लावतात, किती घमेली, अंगावर काय घालतो. शांताचं सांगितलं, पाइपाचं सांगितलं. आणि म्हटलं, साहेब, तुम्ही मला तीन प्रश्न विचारलेत, तिन्हींना मी खरं बोलले. चौथा विचारला असतात, आत किती गरम असतं, तर त्यालाही खरंच बोलले असते.

ते म्हणाले, “एवढं पाणी होतं तिथे, तर पीत का नव्हता तुम्ही?”

मी म्हटलं, “जायला जागा नाही म्हणून.”

डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली. मोठे डॉक्टर माझे जुने कागद चाळत बसले. एकशे सहा ताप, स्वच्छ निघालेलं मणक्याचं पाणी, काळपट लघवी. मागच्या रांगेतून आवाज यायला लागले. मग त्यांनी पेन काढलं आणि ती ओळ आडवी खोडली. मला म्हणाले की गोळ्या एकदम थांबवायच्या नाहीत, हळूहळू कमी करू, ते कसं ते लिहून देतो. आणि असंही म्हणाले की माझी चूक झाली, बाई. एवढा मोठा डॉक्टर भरल्या ओपीडीत तसं म्हणतो, याला मोठं मन लागतं. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

नवीन ओळ त्यांनी इंग्रजीत लिहिली. मी कार्ड उचललं नाही.

“मराठीतही लिहा,” मी म्हटलं. “आमच्या मुकादमाला इंग्रजी येत नाही.”

त्यांनी लिहिलं, उष्माघात. मी म्हटलं, पुढे लिहा, काम करताना झालेला. ते थोडे हसले आणि तेही लिहिलं. खाली सही, खाली शिक्का.

घरी गेल्यावर ते कार्ड मी यांच्यासमोर ठेवलं. यांनी दोनदा वाचलं. मग खाली गेले आणि अर्धा किलो बोंबील घेऊन आले. म्हणाले, कावीळ उतरली म्हणून सांग सगळ्यांना, आणि घाल फोडणी. शेजारणींना मी कावीळ उतरली म्हणून सांगितलं नाही. जे झालं होतं ते सांगितलं. दोन घरं सोडून एक जण बेकरीत कामाला होता, त्याची बायको दुसऱ्या दिवशी मला विचारायला आली की घाम थांबला म्हणजे नक्की काय समजायचं.

तिला सांगितलं तेच इथेही सांगते. गरम जागेत राबताना घाम आटला आणि अंग तापलं, तर ती सवय नाही, धोका आहे. जवळचं माणूस येड्यासारखं बोलायला लागलं तर त्याच्याशी वाद घालू नका, बाहेर काढा, कपडे सैल करा, भिजवा, वारा घाला आणि हॉस्पिटलात न्या. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, अंगावर ओता. कांदा भाजीत घाला. आणि डॉक्टरांना पडलेला माणूस कसा होता एवढंच सांगू नका, जागा कशी होती ते सांगा. पाण्याचं तर काय सांगू? लाज बाजूला ठेवा आणि प्या. जायला जागा नसेल तर ती मागा, सगळ्या मिळून मागा. आम्ही ते फार उशिरा केलं.

बारा वाजता

सोमवारी मी कामावर गेले. थर्मामीटर शुक्रवारीच खांबावर परत गेला होता. मुकादमाने कार्ड घेतलं, मराठी ओळ ओठ हलवत वाचली. मग म्हणाला, ठीक आहे, डॉक्टरांनी लिहिलंय तर तू अकरा ते तीन बाहेर बस, कुंड्या पुस, पानं वेच. बाकीच्यांनी आत चला.

मी म्हटलं, “थर्मामीटर मला लावला होता का? खांबाला आहे ना तो?”

तो म्हणाला, कागद तुझ्या नावाचा आहे. ते खरं होतं. कागद एकटीचाच होता आणि तो मी पोलक्यात घालून एकटीने बाहेर बसू शकत होते, हे मला साफ दिसत होतं. मला भीतीही वाटत होती. अंगात अजून ताकद नव्हती, जिना चढले तरी दम लागायचा. हे काम गेलं असतं तर दुसरं कुणी लगेच दिलं नसतं.

मी त्यांच्याबरोबर आत गेले. बारापर्यंत काम केलं. काटा बघितला, बेचाळीसच्या पुढे गेला होता. मग मी दारापाशी गेले आणि दोन्ही फळ्या उघडून त्यांना विटा लावल्या. बाहेरचा वारा आत आला. तो काही फार थंड नव्हता, पण वारा होता. रेजिनाने डोक्यावरचं घमेलं खाली ठेवलं. शांताने तिच्यामागे. मग एकेक करत सगळ्या बाहेर आल्या आणि झाडाखाली बसल्या. आम्ही घागर मधे ठेवली आणि पोटभर पाणी प्यालो. मुकादम बांधावरून ओरडत होता की कलमं जातील, शेठ सोडणार नाहीत. आम्ही तीनला आत गेलो आणि कुंड्या भरल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

कलमं गेली, हे खोटं कशाला सांगू. दाराजवळची कोवळी क्रोटनं माना टाकून बसली. शनिवारी शेठ आले. मुकादमाने त्यांना सरळ त्या वाळलेल्या ओळींपाशी नेलं. शेठ खाली वाकले, एक कलम उपटून मुळं बघितली, टाकून दिलं. आम्ही सातही जणी तिथेच उभ्या होतो. हात मातीने भरलेले, कुणी कुणाच्या आधाराने नाही.

शेठनी विचारलं, “दार कोणी उघडलं?”

मी पुढे झाले. “मी उघडलं,” मी म्हटलं. “आणि सोमवारी बाराला परत उघडणार.”